थैलीचे दहा रुपये: बरोबर की आगाऊपणा?

किराणा_गल्ली | सोमवार, रात्री 9:50

राम राम मंडळी. जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं किराणा दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. गावाचं नाव लिहीत नाही, इथे निम्मे ओळखीचे निघतील.

विषय थैलीचा. आमच्याकडे कॅरीबॅगला थैली नाहीतर पन्नी म्हणतात, तेच शब्द वापरतो. आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, माझ्या दुकानात रोज पाऊण किलो पन्नी संपायची. पातळ माल, किलोत तीनशे-साडेतीनशे बसतात, म्हणजे दिवसाला अडीचशेच्या आसपास. भाव किलोला दीडशेच्या पुढे. महिन्याचे साडेतीन हजार मी लोकांच्या उकिरड्यावर टाकत होतो. वर पन्नीवर बंदी, तपासणीचं पथक आलं की पोटात गोळा. पन्नी गल्ल्याखाली दडवायची, ओळखीच्यालाच द्यायची, आणि देताना हळूच म्हणायचं, "मावशी, आतल्या पिशवीत ठेवा." साखर विकतोय की गांजा, असं वाटायचं.

आखाजीला बहीण माहेरी आली. तिने घरातल्या जुन्या चादरी, पडदे, वडिलांची जुनी धोतरं काढली आणि चार दिवसांत साठ थैल्या शिवून गल्ल्यावर आणून ठेवल्या. म्हणाली, दादा, फुकट देऊ नको, लोक पोतेरं करतील. तेव्हापासून पन्नी बंद. कापडी थैली 10 रुपये. धुऊन परत आणली तर 10 रुपये परत. आता गल्लीतल्या दोन बाया शिवून देतात, शिलाई 5 रुपये, कापड बहुतेक जुनंच.

झालं काय ते सांगतो. पहिल्या आठवड्यात दहातल्या आठ गिऱ्हाइकांनी "राहू द्या" म्हटलं आणि सामान हातात, डिकीत, ओढणीत नेलं. एका आबांनी शेंगदाणे टोपीत नेले. महिन्याभरात निम्मे लोक घरून थैली आणायला लागले. आता दिवसाला पंधरा-वीस थैल्या जातात, आठ-दहा परत येतात.

पण काही गिऱ्हाइकं समोरच्या दुकानात गेली, तिथे पन्नी अजून फुकट आहे. एक जण भर दुकानात म्हणाला, "दोनशेचा किराणा घेतो अन् थैलीचे पैसे मागतो, लाज नाही वाटत?" ते लागलं.

आणि एक गंमत. ज्यांचं खातं आहे, म्हणजे उधारीवाले, त्यांना थैलीचं काहीच वाटत नाही. वहीत लिहून घ्या म्हणतात आणि रोज नवी नेतात. रोख देणाऱ्याला मात्र दहा रुपये टोचतात.

तर दर बरोबर आहे का? 2 रुपये करू का? की हा आगाऊपणाच आहे?

भरीतपार्टी | सोमवार, रात्री 10:05

टोपीत शेंगदाणे 😂 आबांना माझा नमस्कार सांगा.

पांझराकाठ | सोमवार, रात्री 10:20

भाऊ, आमना धुयामा थैली मांगाले कोनलेच लाज नही वाटस. साबू लिधा का थैली, बिस्कूट लिधं का थैली. दुकानदार इचारस बी नही. पैसा मांगा का मानूस सांगस, राहू दे, अन् खिसामा टाकस. म्हनजे लागत नव्हतीच ना ती!

कलम_आणि_परंतुक | सोमवार, रात्री 11:10

किराणाभाऊ, आधी कायद्याचं सांगतो, कारण यात लोकांचा फार घोळ होतो.

थैलीला किंमत लावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. केंद्राच्या 2011 च्या प्लास्टिक कचरा नियमांतच लिहिलं होतं की दुकानदाराने कॅरीबॅग फुकट द्यायची नाही. 2016 च्या नियमांत आणखी पुढे गेले. ज्याला प्लास्टिकची थैली द्यायची आहे त्याने पालिकेकडे नोंदणी करायची, महिन्याला किमान 4,000 म्हणजे वर्षाला 48,000 रुपये भरायचे, आणि दुकानात पाटी लावायची की इथे थैली पैसे देऊन मिळेल. आता सांगा, कोणता भाजीवाला 48,000 भरणार होता? 2018 च्या मार्चमध्ये दुरुस्ती झाली आणि ते कलमच गेलं.

त्याच मार्चमध्ये, 23 तारखेला, महाराष्ट्राची बंदी आली. जून 2018 पासून कारवाई सुरू झाली. पहिल्यांदा सापडलात तर 5,000, दुसऱ्यांदा 10,000, तिसऱ्यांदा 25,000 आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. पुढे केंद्राने थैलीची किमान जाडी 50 मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 75 वर नेली, 31 डिसेंबर 2022 पासून 120 वर. पण आपल्या राज्यात प्लास्टिकची कॅरीबॅग बंदच असल्याने इथे मायक्रॉन मोजत बसण्यात अर्थ नाही.

यातला पेच बघा. जी वस्तू कागदावर नाहीच, तिची किंमत बिलावर कशी लिहिणार? म्हणून दुकानदार ती गुपचूप देतो, आणि गुपचूप म्हणजे फुकट. माझं स्पष्ट मत आहे की बंदीने पन्नी संपली नाही, फक्त तिच्यावर कधी किंमतच लागली नाही.

तुमची कापडी थैली विकायला अडचण नाही. एकच काळजी घ्या, पाटी लावा, दारातच, मोठ्या अक्षरात. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने डिसेंबर 2020 मध्ये एका मोठ्या दुकान-साखळीच्या प्रकरणात म्हटलं आहे की गिऱ्हाइकाला आधी न सांगता, बिल करताना थैलीचे पैसे चढवणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. त्याआधी 2019 मध्ये चंदीगडच्या ग्राहक मंचाने एका बूट कंपनीला 3 रुपयांच्या कागदी थैलीपायी 9,000 रुपये भरायला लावले होते.

मॉलपीडित | मंगळवार, सकाळी 7:30

हेच म्हणायला आलो होतो. जळगावात एका मोठ्या दुकानात मला 12 रुपयांची थैली घ्यायला लावली. सामान तिथलं, थैलीवर जाहिरात त्यांची, पैसे माझे! घरची थैली घेऊन आत जाऊ देत नाहीत, दारावर टोकन देऊन ठेवून घेतात. मग नेणार कशात, तुमच्या आबांच्या टोपीत? पर्यावरणाचं नाव आणि धंद्याचं काम. किराणाभाऊंचं वेगळं आहे, ते पैसे परत देतात.

डब्लिनचा_भुसावळकर | मंगळवार, दुपारी 2:15

धागा वाचून राहवलं नाही. मी मूळचा भुसावळचा, बरीच वर्षं आयर्लंडमध्ये आहे. थैलीवर पैसे लावायच्या गोष्टीत हा देश सगळ्यांचा गुरू आहे, म्हणून थोडं लांबण लावतो.

इथे 4 मार्च 2002 पासून दुकानातल्या प्लास्टिकच्या प्रत्येक थैलीवर 15 सेंट कर लागला. त्याआधी माणशी वर्षाला 328 थैल्या लागायच्या असा अंदाज होता. त्या 21 वर आल्या. पुढे लोक हळूहळू सरावले, आकडा पुन्हा चढायला लागला, तेव्हा जुलै 2007 मध्ये कर 22 सेंट केला.

किराणाभाऊंच्या "2 रुपये करू का" या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. कर ठरवण्याआधी लोकांना विचारलं होतं की थैलीला जास्तीत जास्त किती द्याल. सरासरी उत्तर आलं 2.4 सेंट. सरकारने त्याच्या सहापटीहून जास्त लावला. मुद्दाम. कारण जेवढं सहज देता येतं तेवढं लावलं तर माणूस देतो आणि विसरतो. दक्षिण आफ्रिकेत नेमकं हेच झालं. 2003 मध्ये थैलीला दर लागला, खप धाडकन पडला, मग उद्योगांच्या रेट्याने दर उतरवले आणि खप परत वर गेला.

दुसरं म्हणजे, दुकानदाराने हा कर स्वतः सोसायचा नाही, गिऱ्हाइकाकडूनच घ्यायचा आणि पावतीवर वेगळा दाखवायचा, असा नियम आहे. पैसा दुकानदाराला राहत नाही, पर्यावरणाच्या कामासाठीच्या सरकारी निधीत जातो. म्हणून मॉलपीडित म्हणतात तसा राग इथे कुणाला आला नाही. सुटं मांस, मासे, सुटी फळं-भाजी यांच्या छोट्या थैल्यांना सूट आहे.

इंग्लंडमध्ये उशिरा सुरू झालं, ऑक्टोबर 2015 मध्ये, 5 पेन्स, तेही फक्त मोठ्या कंपन्यांना. किराणाभाऊंसारख्या छोट्या दुकानांना 2021 च्या मे महिन्यात धरलं, दर 10 पेन्स केला. तिथे हा कर नाही. पैसा दुकानाकडे राहतो, चांगल्या कामाला द्यावा अशी अपेक्षा आहे. आणि एक उलटा परिणाम असा की पातळ थैल्या गेल्या, पण "पुन्हा वापरा" म्हणून विकलेल्या जाड थैल्याच लोक दर खेपेला नव्या घ्यायला लागले. तुमच्या उधारीवाल्यांसारखंच.

आणि ज्या वर्षी डब्लिनने किंमत लावली, त्याच 2002 मध्ये बांगलादेशने सरळ बंदी घातली. पुरात गटारं पन्नीने तुंबली होती म्हणून. जगातला पहिला देश. 2024 मध्ये त्यांना तीच बंदी पुन्हा नव्याने जाहीर करून राबवायला घ्यावी लागली. 22 वर्षांनी.

पांझराकाठ | मंगळवार, दुपारी 2:40

भाऊ, तुमनं डब्लिनमा शेवभाजी पार्सल कशी लई जातस?

डब्लिनचा_भुसावळकर | मंगळवार, दुपारी 2:52

मिळत नाही हो, म्हणून तर प्रदूषण कमी आहे 🙂

शेवभाजी_स्पेशल | मंगळवार, सायंकाळी 6:00

थट्टा बाजूला ठेवा, खरा प्रश्न हाच आहे. माझं रस्त्यावर छोटं हॉटेल आहे. रात्री शंभरेक पार्सल जातात. रस्सा एका पन्नीत, शेव दुसऱ्या पन्नीत, कांदा-लिंबू तिसऱ्यात, तिघी मिळून चौथीत. उकळता तर्रीचा रस्सा पातळ पन्नीत ओतून रबर मारतो, ते मलाही बघवत नाही. गिऱ्हाइकाला म्हणावं डबा आणा, तर तो गाडीवरून, कामावरून परस्पर आलेला असतो. प्लास्टिकचा झाकणाचा डबा दिला तर 7-8 रुपये जातात, शेवभाजीच्या प्लेटमध्ये ते बसत नाहीत.

मी एक केलं. स्टीलची बरणी, 150 रुपये अनामत. परत द्या, पैसे घ्या. पंधरा बरण्या घेतल्या होत्या. दोन महिन्यांत नऊ गेल्या. लोकांना बरणी दीडशेला स्वस्त पडली!

किराणा_गल्ली | मंगळवार, सायंकाळी 6:25

@शेवभाजी: अनामत वस्तूच्या भावापेक्षा जास्तच ठेवायची असते भाऊ. बरणी दोनशेची असेल तर अडीचशे घ्या.

मेथीची_जुडी | मंगळवार, रात्री 9:15

सगळे किराण्याचं आणि मॉलचं बोलताय. माझी आई आठवडे बाजारात भाजी विकते, चार गावांचे चार बाजार करते. तिचा हिशोब ऐका.

मेथीची जुडी 10 रुपये. गिऱ्हाईक म्हणतं, थैली दे. आईने नाही म्हटलं तर जुडी खाली ठेवतं आणि शेजारच्या पालावर जातं. थैलीचे 2 रुपये मागितले तर म्हणतं, मग जुडी 8 ला दे. म्हणजे थैलीचे पैसे शेवटी आईच देते, फुकट दिली तरी आणि विकली तरी. पथकाने पकडलं तर दंड 5,000. तिचा आख्ख्या बाजाराचा गल्लासुद्धा तेवढा होत नाही.

बंगल्यातल्या बाई गाडी लावून येतात, हातात मोठी पर्स, आणि अर्धा किलो भेंडीला वेगळी, पावभर मिरचीला वेगळी, कोथिंबिरीला वेगळी थैली मागतात. सातपुड्याकडून आलेल्या पावरा आदिवासी बाया मात्र डोक्यावर पाटी नाहीतर पाठीला फडकं बांधून येतात आणि सगळं त्यात नेतात. दंड कुणाला व्हायला हवा?

माझं म्हणणं एवढंच की किंमत लावायची तर बाजारातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावावी, नाहीतर एकट्या बाईला ते परवडत नाही.

किराणा_गल्ली | मंगळवार, रात्री 9:40

ताई, पटलं. माझं दुकान आहे, खातं आहे, लोक दोन दिवस रुसून परत येतात. पालावर तसं नसतं. तुमच्या आईंना काही थैल्या पाठवतो, विकायला नाही, गिऱ्हाइकांना उसन्या द्यायला. कसं पोहोचवू ते खासगी निरोपात कळवा.

काळी_माती | बुधवार, सकाळी 6:10

मी कापूसवाला. कापडी थैलीचा उदो-उदो करणाऱ्यांसाठी एक कडू गोळी.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याच्या संस्थेने 2011 मध्ये अहवाल काढला होता. एकदाच वापरलेल्या पातळ पन्नीएवढा हवामानावरचा भार उतरवायचा तर कागदी थैली 3 वेळा, जाड प्लास्टिकची 4 वेळा, ती न विणलेल्या कापडासारखी दिसणारी 11 वेळा आणि नवी कोरी सुती थैली 131 वेळा वापरावी लागते. सुती का? कारण आमच्याकडे विचारा. पाणी, युरिया, फवारण्या, वेचणी, जिनिंग, सूतगिरणी, मग कुठे कापड. समारंभात वाटलेल्या सुती थैल्या घरात पंचवीस साठतात आणि एकही पंचवीस वेळासुद्धा वापरली जात नाही.

म्हणून किराणाभाऊंची जुन्या धोतराची थैली मला आवडली. ते कापड पन्नास वेळा अंगावर, नंतर थैली. त्याचा भार आधीच फिटलेला. माझ्या आजीकडे पँटच्या मांडीच्या भागाची थैली होती, खाली शिवण, वर दोन बंद. दहा किलो बाजरी घातली तरी हूं की चूं नाही. तिच्याआधी ती वायरची विणलेली थैली असायची, निळी-पांढरी. तीही प्लास्टिकच, पण वीस-वीस वर्षं टिकायची.

आणि दुकानात जी रंगीत, कापडासारखी थैली मिळते, तिच्यावर पर्यावरणाचं हिरवं पान छापलेलं असतं, तिच्या कोपऱ्याला काडी लावून बघा. वितळते. ते पॉलिप्रॉपिलीन आहे, म्हणजे प्लास्टिकच, केळीच्या घडाला घालतात तीच जात.

केळीपट्टा_रावेर | बुधवार, सकाळी 7:05

घडाच्या बॅगेचं नाव काढलंच आहे तर. 6 बाय 5 फुटांवर एकरी साडेचौदाशे खोडं, म्हणजे साडेचौदाशे बॅगा. एक्स्पोर्टवाला डाग घेत नाही, बॅग घालावीच लागते. घड कापला की ती बांधावर. कुणी जाळतं, कुणी नाल्यात लोटतं. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारवाला घेतो, ही घेत नाही. थैलीवर एवढं बोलता, बांधावर कुणी येतच नाही.

चटईवाला | बुधवार, सकाळी 11:30

भंगारवाला का घेत नाही ते मी सांगतो. मी जळगाव एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे. आमचा अख्खा धंदाच जुन्या प्लास्टिकच्या दाण्यावर चालतो, म्हणून माल कुठला येतो, कुठला नाही, ते रोज बघतो. बादली, खुर्ची, क्रेट येतात, वजनदार असतात, वेचणाऱ्याला पैसे सुटतात. पन्नी येत नाही. किलोला तीनशे वेचाव्या लागतात, त्याही माखलेल्या, ओल्या, आत कांद्याची सालं. धुवायला पाणी लागतं, वाळवायला जागा. पोरगं दिवसभर वाकून दोन किलो जमवणार आणि हातात येणार चहा-वडापावचे पैसे. त्यापेक्षा ते एक बाटल्यांचं पोतं भरतं. जी वस्तू उचलणं परवडत नाही ती रस्त्यावरच राहते, एवढं साधं आहे.

2018 मध्ये दुधाच्या पिशवीला 50 पैसे परत मिळतील असं ठरलं होतं, आठवतं का कुणाला? मी तरी आजवर 50 पैसे परत घेणारा माणूस पाहिला नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | बुधवार, रात्री 8:45

उशिरा आलो, आज दोन गावं होती.

मी गुरांचा डॉक्टर. मायक्रॉन, सेंट, पेन्स सगळं वाचलं. मला पन्नी भेटते ती गाईच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात. चरणारं जनावर चावून बघत नाही, आधी गिळतं, मग निवांत रवंथ करतं. पन्नी रवंथाला वर येत नाही आणि पुढेही सरकत नाही. आत एकीत एक गुंतत दोरखंडासारखा गोळा होतो. जनावर चारा कमी करतं, पोट डाव्या अंगाला फुगतं, दूध आटतं. मालक म्हणतो, कुणाची नजर लागली. डाव्या कुशीला चीर देऊन हात घालतो तेव्हा पन्नी, दोरी, खिळे, एकदा तर पोरीची चप्पल. मागच्या उन्हाळ्यात एका गाईतून दोन घमेली भरून निघाली. मालकाने ती घमेली गोठ्याच्या दारात तशीच ठेवली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायला.

एक गोष्ट समजून घ्या. गाय रिकामी पन्नी क्वचित खाते. ती खाते गाठ मारलेली पन्नी, आत शिळी भाकरी, भाजीची देठं, मीठ लागलेलं. वास येतो, गाठ सोडायला तिला हात नाहीत, मग सगळंच गिळते. शिळं अन्न टाकायचंच असेल तर मोकळं टाका. पोळ्याला पुरणपोळी भरवता, आदल्या रात्रीचं खरकटं मात्र पन्नीत बांधून कोपऱ्यावर ठेवता.

मास्तरीण_चोपडा | गुरुवार, दुपारी 4:20

डॉक्टरसाहेब, तुमचा प्रतिसाद उद्या वर्गात वाचून दाखवणार.

किराणाभाऊ, तुम्ही दहा रुपयांचा दंड करताय असं लोकांना वाटतं, त्यापेक्षा "थैली आणली तर 5 रुपये सूट" असं का करत नाही? गोड वाटेल.

कलम_आणि_परंतुक | गुरुवार, सायंकाळी 5:00

ताई, यावर अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात 2010 मध्ये थैलीवर 5 सेंट कर आला, शेजारच्या माँटगोमेरी काउंटीत 2012 मध्ये. त्याच भागातल्या काही दुकानांत आधीपासून स्वतःची थैली आणणाऱ्याला 5 सेंट सूट मिळत होती. रक्कम तीच. सूट देण्याचा जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही. करामुळे मात्र दुकानातल्या एकदाच वापरायच्या थैल्या घेणारे गिऱ्हाईक 82 टक्क्यांवरून 40 टक्क्यांवर आले. मिळणारे पाच नाही मिळाले तरी चालतात, खिशातले पाच गेलेले चालत नाहीत. किराणाभाऊंनी वहीवरच्या उधारीवाल्यांचं जे लिहिलं तेही याच जातीचं. वहीत लिहिलेले दहा रुपये खिशातून गेल्यासारखे वाटतच नाहीत.

मास्तरीण_चोपडा | गुरुवार, सायंकाळी 5:12

मान्य. पण तामिळनाडूत 2021 पासून पिवळ्या कापडी थैलीची मोहीम सरकारनेच चालवली आहे, 10 रुपये टाकले की थैली देणारी यंत्रं बाजारात बसवली. आपल्या बाजार समितीच्या दारात असं एक का नको? मेथीच्या जुडीवाल्या ताईंचा प्रश्न त्याने थोडा तरी सुटेल.

भरीतपार्टी | गुरुवार, सायंकाळी 5:30

यंत्र बसेल, मग बंद पडेल, मग त्यावर पन्नी लटकलेली दिसेल. अनुभवाचे बोल 🙏

अवांतर: थंडीत भरीत पार्टीला पळसाच्या पत्रावळी कुठे मिळतात सांगा कुणी. मागच्या वर्षी चकचकीत थर लावलेल्या कागदी प्लेटी मिळाल्या, भरताच्या तेलाने त्याही गळायला लागल्या.

केळीपट्टा_रावेर | गुरुवार, सायंकाळी 5:41

केळीचं पान चालत नाही का भो? फुकट देतो. तुम्ही फक्त वांगी बामणोदची आणा.

किराणा_गल्ली | पुढच्या महिन्यातला रविवार, रात्री 10:30

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

1. दर 10 च ठेवला. भुसावळकरांचं पटलं.

2. दारात पाटी लावली: "पन्नी मिळणार नाही. थैली 10 रुपये, परत आणल्यास 10 परत." त्या दिवसापासून गल्ल्यावरचं भांडण बंद. लोक दारात वाचतात, तिथेच गाडीच्या डिकीतून थैली काढतात. एवढी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, वकीलसाहेबांचे आभार.

3. उधारीवाल्यांना थैली वहीवर द्यायची नाही, रोखच. पहिल्या दिवशी तिघांनी तोंड वाकडं केलं. दुसऱ्या आठवड्यात तिघांच्याही हातात थैली. एकाच्या हातातली समोरच्या दुकानाच्या नावाची होती, पण ते जाऊ द्या.

4. गूळ, तूप, ओल्या खोबऱ्याचं अजून नीट जमलं नाही. गूळ कागदात देतो, उन्हाळ्यात कागदाला चिकटतो. तेल सुटं देत नाही, प्रश्न नाही. मैदा-बेसन वगैरे पाव-पाव किलो बांधायला कागदी पुडी आणि सुतळी परत काढली. वडिलांना पुडी बांधता येते, मला येत नाही. दुपारी ते शिकवतात, मी चुकतो, आणि ते गिऱ्हाइकासमोर बोलतात.

5. पन्नीचे महिन्याचे साडेतीन हजार वाचले, गेलेल्या गिऱ्हाइकांत त्यातले किती बुडाले ते दिवाळीचा हिशोब झाल्यावर कळेल. आज तरी नफा आहे असं छातीवर हात ठेवून म्हणणार नाही.

मेथीच्या जुडीवाल्या ताईंच्या आईंना चाळीस थैल्या दिल्या होत्या. अठ्ठावीस परत आल्या. ताई सांगत होत्या की बारा कुणाकडे आहेत ते आईला नावानिशी ठाऊक आहे.

मेथीची_जुडी | पुढच्या महिन्यातला रविवार, रात्री 10:48

अकरा. एक आमच्याच घरी निघाली, भाकरीच्या डब्याला गुंडाळलेली 🙈

भाऊ, आमच्या गल्लीतल्या बाया आता स्वतः शिवायच्या म्हणतात. माप काय ठेवता?

किराणा_गल्ली | पुढच्या महिन्यातला रविवार, रात्री 11:02

बारा बाय पंधरा इंच. बंद दोन बोटं रुंद ठेवा, बारीक ठेवला तर हाताला काचतो. बंद नुसते काठाला जोडू नका, चार बोटं आत उतरवून चौकोनी शिलाई मारा. तळाला दुहेरी शिवण. पाच किलो साखर घातली की पहिली तीच उसवते.